दोन टक्के ‘नाही’

खोकं उघडायच्या आधीच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. शाळेला कुणी काही फुकट देत नाही, आणि दिलंच तर त्याच्यामागे काहीतरी असतं. पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला पन्नास रिमोट भेट पाठवलेत, असं आमचे मुख्याध्यापक उदयसिंह सर हसत हसत म्हणाले. उदयसिंह सर हसत बोलायला लागले की मी सावध होतो. मागच्या खेपेला ते असेच हसले होते आणि मला निवडणुकीच्या कामाला तीन दिवस श्रीपूरला जावं लागलं होतं.

रिमोट दिसायला पंख्याच्या रिमोटसारखा. प्रत्येक मुलाच्या हातात एक द्यायचा, सरांनी प्रश्न विचारला की मुलांनी बटण दाबायचं, आणि किती जणांनी काय दाबलं ते टक्क्यांत भिंतीवरच्या पडद्यावर येणार. कुणी दाबलं ते मात्र कळणार नाही. उदयसिंह सर म्हणाले, यामुळे मुलं न घाबरता उत्तर देतात. मी विचारलं, आपल्या शाळेत घाबरतंय कोण? त्यावर ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. हे मी लक्षात ठेवलं.

मी माने. सोलापुरातल्या एका बऱ्यापैकी जुन्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो. एकोणीस वर्षं दहावीच. हायस्कुलात दहावी हातात असणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तास तेवढेच, खडूही तोच. पण दहावीच्या सरांना पालक सात रस्ता चौकात गाडी थांबवून नमस्कार करतात. पाचवीच्या सरांनाही थांबवतात, पण ते आमच्या पिंटूची पाण्याची बाटली सापडली का, असं विचारायला. दहावी काढून घेतली, असं एखाद्या शिक्षकाबद्दल बोलतात तेव्हा आवाज खाली आणून बोलतात.

यंदा शाळेचा पट घसरला होता. जूनपासून दहावीच्या दोन तुकड्यांची एकच तुकडी होणार होती आणि विज्ञानाला दोघांपैकी एकच जण लागणार होता. अ तुकडी माझी, ब तुकडी प्रतिक्षा मॅडमची. प्रतिक्षा मॅडमचं वय एकोणतीस, नोकरीचं चौथं वर्ष, आणि रिमोट बघून त्यांना मनापासून आनंद झाला होता. आता तुम्हीच सांगा, संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? त्यात उदयसिंह सरांनी जाहीर केलं की संस्थेचे सचिव आबासाहेब डिसेंबरात स्वतः येऊन दोन्ही वर्ग बघणार, आणि तासाच्या शेवटी ‘समजलं का?’ या प्रश्नाला ज्याच्या वर्गाचा आकडा वरचढ, त्याच्याकडे दहावी. प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या, सर, हे यंत्र असं विचारायला नसतं, याच्यावर धड्यातले प्रश्न घालतात, चार पर्याय देऊन. आबासाहेबांना एकच आकडा हवा होता, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही, कारण त्या हे का सांगताहेत ते मला ओळखता येईना.

पण शिकवायच्या आधी नोंद. आमचे हेडक्लार्क हिंदुराव यांचं म्हणणं, रिमोट ही टिकाऊ वस्तू, ती डेड स्टॉक रजिस्टरला. आतले सेल खपणारे, ते दुसऱ्या रजिस्टरला. मग सेल रिमोटच्या पोटात असताना ती वस्तू कुठल्या रजिस्टरात मोडते? यावर अकरा दिवस गेले. तोडगा असा निघाला की सेल तासाला घालायचे आणि तास संपला की काढायचे. एका रिमोटला दोन, म्हणजे शंभर सेल. शिवाय लेखी आदेश निघाला, की पेटी शिपायाच्या ताब्यात राहील, पेटी वर्गात असेपर्यंत शिपायाने दाराबाहेर हजर राहावं, आणि वर्गात मुलं एकोणपन्नास असल्याने उरलेला एक रिमोट राखीव म्हणून त्याच्याजवळ असावा. त्या आदेशावर माझी सही आहे. सही करण्यापूर्वी मी तो तीनदा वाचला होता आणि मला त्यात वावगं काही सापडलं नव्हतं.

शिपाई म्हणजे येडूमामा. मूळचे वैरागकडचे. मी लागलो त्याच वर्षी शाळेत लागले, पोरांची हजेरी फिरवणं, घंटा देणं आणि स्टाफरूमच्या बाजूच्या खोलीत दिवसातून तीनदा चहा करणं ही त्यांची कामं. आता त्यात दारात स्टूल टाकून बसण्याची भर पडली.

पहिला तास उष्णतेच्या धड्याचा झाला. पाणी उकळायला लागलं की खालून कितीही उष्णता द्या, तापमान शंभर अंशाच्या वर जात नाही, त्या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. व्याख्या सांगितली, एकक सांगितलं, चौकटीत लिहून घ्या म्हटलं. तासाच्या शेवटी ‘समजलं का?’ असं मी गेली एकोणीस वर्षं विचारतोय आणि वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतोय. यंत्र त्याहून निराळं काय सांगणार, अशा खात्रीने मी पडद्याकडे वळलो. पडद्यावर आलं, हो अठ्ठ्याण्णव टक्के. नाही दोन टक्के.

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मला ते अठ्ठ्याण्णव दिसलेच नाहीत. एकोणपन्नास मुलांत दोन टक्के म्हणजे एक मूल. माझ्या वर्गात बसून, मी शिकवलेलं ऐकून, कुणीतरी एक जण ‘नाही’ म्हणत होता आणि वर तोंडाने ‘हो सर’ही म्हणत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन टक्के. तिसऱ्या दिवशीही तेच. ब तुकडीचा आकडा शहाण्णव होता, म्हणजे मी पुढेच होतो, पण ते मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. आमची ही म्हणाली, एका पोराला नसेल कळलं, त्यात काय एवढं? तिला दहावीतलं राजकारण कळत नाही, म्हणून मी तो विषय तिच्याशी काढणं सोडून दिलं.

संशय पहिल्यांदा गेला रत्नदीपवर. शेवटच्या बाकावर बसतो आणि ‘हो सर’ म्हणताना हसतो. त्याला उभं करून अप्रकट उष्मा विचारला. त्याने व्याख्या एकही शब्द न चुकता म्हणून दाखवली आणि पुन्हा हसला. मग संशय पहिल्या बाकावर गेला, कारण शेवटच्या बाकावर नाही म्हटल्यावर खरा चोर पहिल्या बाकावरच असणार. आठ दिवसांत मी बावीस जणांना उभं केलं. सगळ्यांना व्याख्या येत होती. मुलं माझ्या तासाला आता इतकी शांत बसायला लागली की फळ्यावर खडू टेकवला तरी दचकायची.

शेवटी मी बिरुदेवांना गाठलं. बिरुदेव आमचे शेजारी, वीज मंडळातून निवृत्त. त्यांनी तो रिमोट कधी बघितला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं. नळाला पाणी आलं होतं, आम्ही दोघंही हातात पाइप घेऊन उभे होतो. ते म्हणाले, आधी हे ध्यानात घ्या की त्यात आवाज टिपायची सोय असणार, तेव्हा वर्गात जपून बोला. त्यानंतर दोन दिवस मी धडा इतका हळू शिकवला की मधल्या रांगेतली मुलं पुढे सरकून बसली. दुसरा सल्ला त्यांच्या नोकरीतला होता. तारेवर आकडा टाकून कुणी वीज चोरतंय असं कळलं की ते म्हणे एकेका गल्लीची लाईन बंद करून बघायचे. ज्या गल्लीत चोरी थांबली, चोर त्याच गल्लीत. तुम्ही वर्गाच्या गल्ल्या पाडा, असं ते म्हणाले.

मी गल्ल्या पाडल्या. सोमवारी फक्त मुलींनी बटणं दाबायची. एक ‘नाही’ आलं. चला, मुलगी आहे तर. खात्रीसाठी मंगळवारी फक्त मुलांनी. तिथेही एक ‘नाही’. म्हणजे एक नव्हे, दोघं आहेत. बुधवारपासून रांगवार सुरू केलं, आणि पाचही रांगांत एकेक ‘नाही’ निघालं. बिरुदेवांना सांगितलं तर ते पाइप तसाच सोडून गंभीरपणे म्हणाले, माने सर, मग सगळ्या गल्लीनेच आकडे टाकलेत. त्या संध्याकाळी मला भाकरी गेली नाही. एकोणपन्नास पोरांनी पाळीपाळीने माझ्याविरुद्ध कट करावा, इतकं मी त्यांचं काय बिघडवलं होतं?

पण विज्ञानाचा शिक्षक असल्याने एक गोष्ट डोक्यातून जाईना. रांगेत मुलं दहा. दहात एक म्हणजे दहा टक्के. पडदा दाखवत होता नऊ. नऊ टक्के मूल कसं असेल? दुसऱ्या दिवशी तासाला मुलांना उदाहरण सोडवायला दिलं आणि मी कोपऱ्यात कागदावर भागाकार करत बसलो. नऊ टक्के कधी येतात? अकरात एक असेल तेव्हा. दहाच्या रांगेत अकरावा कोण? मी बोटाने मोजत मोजत रांगेच्या शेवटापर्यंत आलो, आणि तिथून थेट दाराबाहेर.

येडूमामा स्टुलावर बसले होते. राखीव रिमोट त्यांच्या मांडीवर होता आणि अंगठा बटणावर होता.

“हे तुम्ही दाबताय?” मी विचारलं.

“व्हय की सर,” ते म्हणाले. “तुमी रोज इचारता, समजलं का म्हणून. मला न्हाय समजलं. मग काय खोटं दाबू?”

महिनाभर मी ज्याच्या मागे लागलो होतो तो दर दोन तासांनी मला चहा आणून देत होता. आता इथे उदार मनाचा माणूस म्हणाला असता की असू दे, दाबत जा. मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, आबासाहेब येणार आहेत त्या दिवशी दाबू नका, माझी दहावी जाईल. ते म्हणाले, बरं सर. पण दुपारी चहा ओतताना त्यांनीच विषय काढला.

“सर, राग धरू नका. मी दिसाला तीन डाव च्या करतो. पानी उकळाया लागलं की शंभराच्या वर जात न्हाय म्हंता. खाली ग्यास तर तसाच चालू हाय. मग ती सगळी आग जाती कुटं?”

“अप्रकट उष्मा,” मी म्हणालो.

“त्ये तिचं नाव झालं की. गेली कुटं त्ये सांगा.”

मी व्याख्या सांगितली. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, न्हाय कळलं. मी एकक सांगितलं. एकक ऐकून तर त्यांना माझीच काळजी वाटल्यासारखी दिसली. दुसऱ्या दिवशी मी तयारी करून गेलो, पुस्तकातली आकृती दाखवली, तरी नाही. मला त्यांचाही संशय यायला लागला, की प्रतिक्षा मॅडमनी यांना शिकवून ठेवलंय. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणालो, अहो, एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. ते म्हणाले, पोरं कशी इचारतील सर, ती तुमाला भितात. मी दोन वर्सानं पेन्शनीत जानार, मला कशाची भीती?

हे मला लागलं. लागलं म्हणजे काय, त्या दिवशी मी त्यांचा चहा प्यायलो नाही.

चौथ्या दिवशी मी पुस्तक घेतलंच नाही. त्यांच्या शेजारी पाटावर बसलो आणि पातेल्यात बघत राहिलो. म्हटलं, येडूमामा, पाण्याचा कण न् कण एकमेकाला धरून असतो. वाफ व्हायची तर ती पकड सुटायला पाहिजे. शेंगा फोडताना जोर लागतो, तो कशात जातो? टरफल फोडण्यात. दाणा काही त्याने मोठा होत नाही. तशी ही आग. येडूमामा कितीतरी वेळ बुडबुड्यांकडे बघत बसले.

“म्हंजी आग पान्याला तापवीत न्हाय, पान्याला पान्यापासनं सोडवती,” ते म्हणाले. “आन ती सुटलेली आग वाफंत तशीच बसलेली असती. म्हनून वाफंचा चटका उकळत्या पान्यापरीस लई बसतो. बराबर?”

हे पुढचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःहून काढलं होतं. मला इतका आनंद झाला की मी दोन कप चहा प्यायलो, आणि बाहेर येऊन उगीचच मैदानाला एक चक्कर मारली.

आबासाहेब आले ते फेटा बांधून. साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर पंधरा वर्षं काढलेला माणूस, उसाच्या गाड्या वजनकाट्यावर चढताना बघण्यात हयात गेलेली. आकडा सोडून कशावर विश्वास नाही. आधी ब तुकडी झाली. प्रतिक्षा मॅडमना शहाण्णव टक्के मिळाले. मग ते उदयसिंह सरांबरोबर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले, आणि त्यांना बघून माझं जे व्हायचं तेच झालं. पाटावर बसून सुचलेलं सगळं विसरलो आणि अप्रकट उष्म्यावर एकोणीस वर्षं घेतो तसाच तास घेतला. व्याख्या, एकक, चौकटीत लिहून घ्या. समजलं का? वर्ग म्हणाला, हो सर. मग बटणं दाबली गेली.

हो शंभर टक्के. नाही शून्य.

उदयसिंह सर हसले. आबासाहेब म्हणाले, वा. दहावी माझी झाली होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि तो झालाही, चार सेकंद. पाचव्या सेकंदाला माझ्या स्वभावाने डोकं वर काढलं. येडूमामांना समजायला चार दिवस लागले. ते गॅसपाशी बसणारे, डोळ्यांनी बघणारे, आणि तेही मी शेजारी बसून सांगितल्यावर. मग या एकोणपन्नास पोरांना पस्तीस मिनिटांत कसं समजलं? मी रत्नदीपकडे बघितलं. तो आज हसत नव्हता. कुणीच हसत नव्हतं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, अंगठे बटणावरून न काढता.

संशयी माणसाला एकदा संशय आला की तो गप्प बसू शकत नाही, मग समोर साक्षात दहावी असली तरी. माझ्या तोंडून निघून गेलं, “आबासाहेब, हा आकडा खोटा आहे.”

उदयसिंह सरांचं हसू जागच्या जागी थांबलं. मी मुलांना म्हणालो, मी बाहेर जातो. दार लावून घेतो. कुणालाही उभं करणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. खरं असेल ते दाबा. आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. येडूमामा स्टुलावरून उठले. मी काय करून बसलोय ते मला तिथे व्हरांड्यात कळत होतं. शेजारी येडूमामांनी रिमोट वर धरून, मला दिसेल असं बटण दाबलं.

“मी हो दाबलं बरं का सर,” ते म्हणाले.

आत गेलो. हो आठ टक्के. त्यातले दोन येडूमामांचे.

आबासाहेब उठून पुढे आले. पडद्याजवळ जाऊन आकडा बघितला, मग माझ्याकडे वळले. “मास्तर, मग एकोणीस वर्षं तुम्ही करत काय होता?”

“हो सर ऐकत होतो,” मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

तासाला सात मिनिटं उरली होती. मी मुलांना शेंगा, टरफलं आणि पातेलं सांगायला घेतलं. रत्नदीपने हात वर केला, आणि त्याने काय विचारलं ते ऐकायच्या आत हिंदुराव दारात उभे राहिले, सेल काढायची वेळ झाली म्हणून. त्यामुळे मुलांना समजलं की नाही, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

आठवड्याने आदेश आला. दहावी प्रतिक्षा मॅडमकडे. मला पाचवी आणि सहावी. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याशी आवाज खाली आणून बोलायला लागले. बिरुदेव म्हणाले, तुम्ही स्वतःच्याच घरावर धाड घातलीत. घरी हिने काही विचारलं नाही, नुसती शेंगाचटणी वाढली आणि वर दही घातलं, त्यावरून मला कळलं की तिला कळलंय. मी रात्री जेवलो, पण वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ते कशाला लपवायचं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रतिक्षा मॅडम आल्या. स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. त्यांनी आत येऊन दार लोटून घेतलं, तेव्हा मी आधी त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, म्हटलं काही टिपून घेणार असतील. त्यांनी तो पालथा टेबलावर ठेवला.

“सर, तुमच्यासारखंच मीही केलं. बाहेर जाऊन विचारलं.”

“किती?”

“हो, फक्त चार टक्के.” त्या खाली बघत होत्या. “कुणाला सांगितलं नाही. आणि सर, खरं सांगू का? ती उष्णता जाते कुठे, हे मलाही नीट सांगता येत नाही. मलाही व्याख्याच येते. जूनमध्ये मला ते शिकवायचंय. तुम्ही येडूमामांना शिकवलंत, तसं मला शिकवाल?”

यात काही डाव आहे का, ते मी बराच वेळ शोधलं. सवयच आहे ती. काही सापडलं नाही. मग मी उठलो, त्यांना शेजारच्या खोलीत नेलं, येडूमामांनी त्यांच्यासाठी दुसरा पाट टाकला, आणि मी पातेल्यात पाणी घालून गॅस पेटवला. कण, पकड, शेंगा, टरफलं, सगळं सांगितलं. पाणी खळखळून अर्धं झालं. प्रतिक्षा मॅडमनी पातेल्यात बघितलं, मग सरळ माझ्याकडे बघितलं.

“नाही समजलं, सर,” त्या म्हणाल्या.

मी पातेलं रिकामं केलं, नवं पाणी घातलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.